दिवाणसाहेबांचे तळवे

संस्थानाच्या भाजीमळ्यातले अर्धे वाफे दिवाण रंगोपंतांच्या हुकमाने रोज झाडून लख्ख होत. उरलेले अर्धे हौसाबाई माळीण पाचोळ्याने झाकून ठेवी. चैत्रातल्या एका दुपारी पंत तपासणीला आले आणि कडाडले, "हा कचरा आजच काढ, नाहीतर उद्यापासून मळ्यात येऊ नकोस."

"काढते, सरकार," हौसाबाई म्हणाली. "पण आधी दोन्हीकडचे वाफे फिरून बघा. जोडे तेवढे बांधावर ठेवा. वाफ्यात पायताण चालत नाही."

हा नियम पंतांचाच होता. ते अनवाणी, ऐटीत आपल्या झाडलेल्या वाफ्यात उतरले. चार पावलांत तळवे पोळले. धोतर सावरत त्यांनी उडी मारली ती थेट हौसाबाईच्या पाचोळ्यात. खालची माती गार होती. पंतांनी हुश्श केलं.

"आता काढू का, सरकार?"

पंतांनी तळवे पाचोळ्यात आणखी खोल रोवले.

"तुम्हाला उडी मारता आली," हौसाबाई म्हणाली. "तिकडच्या वांग्यांना बिचाऱ्यांना ती येत नाही."

पंतांनी जागेवरूनच हुकूम सोडला, "तिकडेही पाचोळा पसरा. आणि माझे जोडे इकडे आणून द्या."