बोंद्रेसाहेबांची सोनेरी फुली

भाडेकरूने आपल्या खोलीला हवा तो रंग द्यावा, पण त्याने सोसायटीच्या जिन्यावरच हक्क सांगितला तर? आमच्या कंपनीत बोंद्रेसाहेबांनी नेमकं तेच केलं!

कॉम्प्युटरवर कुठलंही ॲप उघडा, खिडकीच्या माथ्यावर एक पट्टी असते. तिच्यावर ॲपचं नाव आणि खिडकी बंद करायची फुली. आमच्याकडे सगळ्या ॲपना ही पट्टी माझी सहकारी हेमलता हिची यंत्रणा ॲपच्या बाहेरून द्यायची. पण फोटोंच्या ॲपचे प्रमुख बोंद्रेसाहेब भर बैठकीत कडाडले, "ॲप माझं, तर पट्टीही माझीच! तुमची कळकट पट्टी माझ्या डोक्यावर नको."

वर मालकांनी मान डोलावली! माझं तर डोकंच फिरलं. हेमलता मात्र शांतपणे म्हणाली, "घ्या पट्टी. फक्त कंपनीत येणाऱ्या पाहुण्यांपुढे ॲप दाखवाल तेव्हा मालकांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो एकदम उघडा."

पाहुणे जमले. मोठ्या पडद्यावर सोनेरी पट्टी झळकली. साहेबांनी सगळे फोटो एकदम उघडले आणि त्या भाराने ॲप अडकलं, तेही मालक तोंडात जिलेबी कोंबत असलेल्या फोटोवर! साहेबांनी सोनेरी फुली दाबदाब दाबली. ढिम्म.

"अहो, बंद करा ते!" मालक ओरडले.

"हेमलता, फुली का चालत नाही?" बोंद्रेसाहेबांनी विचारलं.

"कशी चालेल, साहेब? ॲपच अडकलंय, तर त्याची फुलीही अडकणारच. बुडणाऱ्यासाठी दोर काठावर ठेवायचा असतो. तुम्ही तो त्याच्याच कमरेला गुंडाळून त्याला पाण्यात ढकललंत."

मालक पडद्याकडे पाठ करून म्हणाले, "बोंद्रे, दोर काठावर ठेवा. आत्ताच्या आत्ता."