पडद्याआडची बाही

एकदा एक शिष्या भरदुपारी धापा टाकत गुरूच्या दुकानात शिरली आणि नमस्कार करायचाच विसरली. शिष्येने नमस्कार विसरणे हे आपल्याकडे काही भूषणावह मानत नाहीत. पण तिला आनंदच इतका झाला होता की वाकायला सवड नव्हती.

हे गुरू म्हणजे कुणी जटाधारी ऋषी नव्हेत, बरं का. बाजारपेठेच्या गावात, पत्र्याच्या छपराखाली चाळीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवणारे बोंगाळे मास्तर. आणि शिष्येचं नाव विद्युल्लता. वडील वायरमन होते, त्यांनी मोठ्या हौसेने ठेवलेलं नाव, आणि मुलीने ते अक्षरशः खरं केलं. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. मास्तरांच्या हाताखाली तीन वर्षं शिकली, मग स्वतःच्या ओट्यावर मशीन मांडलं. संसाराला हातभार लागायचा म्हणतात तसं नव्हे, अर्धा संसारच त्या मशीनवर चालायचा.

"मास्तर, मी मशीन विकतेय!" ती म्हणाली.

मास्तरांनी ओठांत धरलेल्या दोन टाचण्या काढल्या आणि उशीला टोचल्या. "बरं. आणि शिवणार कशावर? विळीवर?"

"चेष्टा नको हो मास्तर! ऐका तरी." विद्युल्लता स्टुलावर बसली आणि लगेच उठली. मग एका श्वासात तिने सगळं सांगून टाकलं. सहा महिन्यांपासून ती शिवणकामाचे व्हिडिओ करत होती. फोन साधा, तोही मोठ्या जावेने वापरून दिलेला. ओट्यावर उभं राहून, एका हाताने फोन धरून, दुसऱ्या हाताने कापड दाखवत तिने तब्बल अठरा व्हिडिओ केले होते. लोक बघायला यायचे, पण टिकायचे नाहीत. खाली सारख्या तक्रारी. ताई, नीट दिसलं नाही. ताई, पुन्हा दाखवा. ताई, माझी बाही बिघडली. तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं की दोष सगळा या फोनचा आहे. चांगला कॅमेरा घ्यायचा, दोन मोठे दिवे घ्यायचे, की बघा मग कसं वाऱ्यासारखं पळतं ते!

"आणि मशीन?"

"एकदा जम बसला की दुसरं घेईन की! थोड्या वेळात व्यापारी टेम्पो घेऊन येतोय. त्याला इकडेच बोलावलंय, म्हणजे तुमचा आशीर्वादही मिळेल."

बघा, माणूस निर्णय आधी घेतो आणि आशीर्वाद मागाहून मागतो. आपणही तेच करतो, तिला एकटीला काय बोलायचं?

मास्तरांनी तिचा फोन मागून घेतला. अठरावा व्हिडिओ लावला, खालच्या तक्रारी चष्मा कपाळावर चढवून एकेक वाचल्या. मग विचारलं, "यांना दिसत नाही की कळत नाही?"

"एकच ना ते!"

मास्तरांनी फोन परत दिला. उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि अगदी तळातून एक घडी काढली. जांभळ्या रंगाचं अस्सल रेशीम. मास्तरांच्या साठीला जावयाने सदऱ्यासाठी आणलेलं. "एवढ्या भारी कापडाला कात्री लावायला हात धजत नाही," असं म्हणत त्यांनी ते नऊ वर्षं जपून ठेवलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांना त्या रेशमाची कथा पाठ होती.

ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे ब्लाऊज घालून बघायला एक आडोसा होता, पुढे हिरवा पडदा. "जा आत. पडदा ओढून घे. आणि तुझ्या व्हिडिओत सांगतेस तशीच मला बाही कापायला शिकव."

"तुम्हाला? मी?" तिला हसूच फुटलं. "अहो, तुम्हीच तर मला शिकवलंत!"

"आज मी अडाणी आहे. तू सांगशील तेवढंच करीन."

विद्युल्लताला या खेळाची भारी गंमत वाटली. ती आत गेली, पडदा ओढला आणि रोजच्या उत्साहात सुरू झाली. "नमस्कार मैत्रिणींनो! आज शिकू या बाही. कापड असं दुहेरी घ्यायचं. परत असं दुमडायचं. इथून उंची घ्यायची. मग इथे खाली यायचं, तीन इंच. इथून इथपर्यंत असा छान गोलवा द्यायचा. शेवटाला जरा असं आत घ्यायचं. आणि असं कापायचं, की झाली बाही!"

बाहेरून कात्रीचा आवाज आला. खर्रर्र, खर्रर्र. मास्तरांची कात्री कधी अडखळत नसे, आजही अडखळली नाही. मग आवाज थांबला.

विद्युल्लताने पडदा सारला. टेबलावर जांभळ्या रेशमाच्या दोन बाह्या उलगडून ठेवल्या होत्या. खांद्यावर जिथे बाही उंच यायची तिथे खोल खड्डा, आणि काखेकडे दोन्ही बाजूंना बैलासारखी शिंगं!

"मास्तर! अहो, काय केलंत हे? एवढ्या चांगल्या कापडाची माती केलीत!"

"तू सांगितलंस तसं केलं."

"मी असं नव्हतं हो सांगितलं! घडीची बाजू उंच ठेवायची, सुट्या कडांकडे तीन इंच खाली यायचं. तुम्ही नेमकं उलटं केलंत!"

"घडी कुठल्या हाताला, हे तू बोललीस?"

तिने मनातल्या मनात सगळं पुन्हा म्हणून पाहिलं. नव्हतंच बोलली.

मास्तरांनी टेबलाच्या कडेला खडूने ओढलेल्या नऊ रेघा दाखवल्या. "पाच वेळा 'असं', चार वेळा 'इथं'. मोजलंय मी. पडद्यामागे तुझे हात फिरत होते ना?"

"फिरत होते."

"मला कुठे दिसणार ते?"

विद्युल्लताचा चेहरा खर्रकन उतरला. रेशमाचे तुकडे हातात घेऊन ती उभी राहिली. डोळे भरून आले. तिला त्या क्षणी व्हिडिओचं काही वाटत नव्हतं, त्या नऊ वर्षांच्या कापडाचं वाटत होतं. "जुनेर घ्यायचं होतंत की हो मास्तर," ती पुटपुटली.

"जुनेर कापलं असतं तर हसून विसरली असतीस." मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं. "बाळ, चूक तुझी एकटीची नाही. तुला शिकवताना मीही हजारदा 'असं' म्हटलंय. पण तेव्हा माझं बोट तुझ्या बोटावर होतं. 'असं' म्हटलं की बोट दाबायचं, आणि तुला कळायचं. समोर बसलेल्या शिष्याला गुरूचा हात मिळतो. दूरच्या शिष्याला फक्त त्याची वाणी मिळते. तिथे तू नुसतं 'असं' म्हणालीस तर बघणाऱ्या बाईच्या पदरी काय पडलं? कॅमेरा कितीही मोठा आण, तो तुझे हात मोठे दाखवील. तिच्या हातांना वळण तुझ्या शब्दांनीच लागायचं आहे. आणि शब्दांना पैसे पडत नाहीत."

तिने रेशमाचे तुकडे घडी करून टेबलावर ठेवले. मग विद्युल्लता एकदम उठली. "मास्तर, मला परत आत जाऊ द्या!"

"जा. पण आता माझा उपयोग नाही. मला बाही येते, मी नकळत सावरून घेईन. ज्याला ओ की ठो कळत नाही असा कुणी पाहिजे."

आणि योग बघा! नेमका त्याच वेळी बाहेर टेम्पो थांबला आणि जुन्या मशीनांचा व्यापारी कपाळाचा घाम पुसत आत आला. "चला ताई, कुठे आहे मशीन? मला पुढे तीन गावं करायचीत."

"शेठ, बसा," मास्तर म्हणाले आणि त्यांच्या हातात कात्री दिली.

शेठनी आयुष्यात कातरलं असेल तर पानाचं देठ. मशीनं विकण्यात उभा जन्म गेला, सुईत दोरा कधी ओवला नव्हता. "अहो, हे काय भलतंच! मला कामं आहेत!"

"पाच मिनिटं. चहा सांगतो."

चहाचं नाव ऐकून शेठ बसले. उरलेलं रेशीम मास्तरांनी त्यांच्यापुढे सारलं. पडदा ओढला गेला. आत विद्युल्लताने डोळे मिटले आणि हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

"शेठ, कापड टेबलावर पसरा. डाव्या हाताची कड उचला आणि उजवीकडच्या कडेवर ठेवा. आता घडी तुमच्या डाव्या हाताला आली. आली का?"

"आली की."

"सुट्या कडा उजव्या हाताला. आता वरचा उजवा कोपरा धरा. तिथून खाली, तुमच्या पोटाच्या दिशेने, टेपने तीन इंच मोजा आणि खडूने ठिपका द्या."

"दिला."

"आता खडू वरच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवा. तिथून त्या ठिपक्यापर्यंत रेघ न्यायची, पण सरळ नाही. करंजीची कड कशी बाहेर फुगलेली असते, तशी वर फुगवत न्या."

"ताई, पण फुगवू किती?"

विद्युल्लता शब्द शोधू लागली. अठरा व्हिडिओंत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. किंवा विचारला असेल, तिनेच ऐकला नसेल. पाठीमागे बांधलेले हात सुटू बघत होते, तिने सोडले नाहीत. "दोन्ही खुणांच्या मधोमध तुमचं एक बोट आडवं ठेवा. तेवढीच फुगवा, जास्त नको. आणि ठिपका दोन बोटांवर आला की रेघ उलटी वळवा, पळी आतून खोलगट असते तशी."

शेठची जीभ ओठांबाहेर आली होती. मास्तर हाताची घडी घालून उभे होते, एका शब्दाने मदत करत नव्हते. चहा आला आणि निवून गेला. मग कात्री चालली, खरडत, अडखळत, थांबत. पडद्याआड विद्युल्लता कात्रीचा आवाज ऐकत होती.

"उलगडा आता," ती हळूच म्हणाली.

आणि शेठ खुर्चीवरून ताडकन उठले. "अहो, जमलं की! मास्तर, बघा, बाही झाली! खरीखुरी बाही!"

विद्युल्लता पडद्यासकट बाहेर आली म्हणा ना! टेबलावर बाही होती. कड थोडी करवतीसारखी कातरलेली, पण वर गोल, काखेकडे सुरेख उतरलेली. ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मास्तरांनी ती बाही उचलून उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि एवढंच म्हणाले, "बसेल."

मास्तरांनी कुणाच्या पहिल्या बाहीला 'बसेल' म्हटलेलं विद्युल्लताने शिकायच्या तीन वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

शेठना अचानक आठवलं. "ते मशीनचं काय, ताई?"

"शेठ, माफ करा. मशीन द्यायचं नाही."

"वा! म्हणजे माझा टेम्पो फुकट आला?" शेठ चिडले खरे, पण फार वेळ चिडता येईना. जाता जाता त्यांनी ती बाही मागून घेतली, बायकोला दाखवायला.

दुसऱ्या दिवशी विद्युल्लताने एकोणिसावा व्हिडिओ केला, त्याच जुन्या फोनवर. मास्तरांच्या दाराशी सकाळचं ऊन छान पडतं, तिथे दोऱ्यांच्या डब्यांची चवड रचून तिने फोन टेकवला आणि दोन्ही हात मोकळे ठेवले. रस्त्याचा गलका मध्ये येतो म्हणून आवाज वेगळा भरला, पडद्याआडच्या कोपऱ्यात, टांगलेल्या कपड्यांच्या दाटीत उभी राहून. कपडे आवाज घुमू देत नाहीत, हे तिचं तिलाच सापडलं. 'असं' म्हणायची ऊर्मी आली की ती जीभ चावायची आणि नेमका शब्द शोधायची. एका बाहीला अख्खी सकाळ गेली, पण तिला थकवा म्हणून आला नाही. वाटत होतं, आजच आपण शिवण शिकलो!

आठवड्याने ती पुन्हा धावतच दुकानात आली. या वेळी आधी वाकून नमस्कार केला. मग फोन मास्तरांच्या कानाशी धरला.

कुणा अनोळखी बाईने भरून पाठवलेला आवाज होता, डोंगराकडच्या वस्तीवरचा. मागे कोंबड्यांचा कलकलाट. "ताई, आमच्याकडं रेंज लई कमी. तुमचं चित्र जागीच अडकून बसतं, आवाज तेवढा चालू राहतो. चार वेळा आवाजच ऐकला आणि लेकीच्या झग्याची बाही कापली. बसली हो ताई! लेक अंगातनं काढंना झालीय. आता गळा कवा सांगता?"

मास्तरांनी मशीनचं पायडल थांबवलं. "पुन्हा लाव," म्हणाले.

तिने पुन्हा लावला. लावता लावता ती खाली पायरीवर बसली. सहा महिने आपला फोन साधा म्हणून ती रडत होती. पलीकडच्या बाईचा फोन याहून साधा असेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. मोठा कॅमेरा आणला असता, तरी या बाईपर्यंत त्यातलं काय पोचणार होतं?

"मास्तर," उठत ती म्हणाली, "पडदा ओढते. गळा सांगायचाय."

आपल्यापाशी काय नाही, याची चिंता आपण सगळेच करतो. कधी पलीकडे कोण बसलं आहे आणि त्याच्यापाशी काय नाही, तेही विचारून बघावं.