डोंगराने ओढलेला ओळंबा

"दीपमाळ वाकडी! धोंडाजी, तुझा हात लबाड!" भुजंगराव राजे गरजले.

धोंडाजी पाथरवटाने दोरीला वजन टांगलेला ओळंबा सोडून दाखवला. दोरी दगडाला लागून अगदी सरळ! पण दरबारच्या जोशीबुवांनी ताऱ्यावरून पडताळून पाहिलं होतं. डोंगराच्या पायथ्याची ही दीपमाळ डोंगरापासून केसभर बाहेर कलली होती.

केसभर! कुणाच्या डोळ्याला दिसणार होतं? पण राजेच ते, हट्टाला पेटले की संपलंच.

"त्रिपुरी पौर्णिमेच्या आत अशी दीपमाळ हवी, की ओळंबाही सरळ म्हणेल आणि ताराही! नाहीतर राज्य सोडून चालता हो!"

धोंडाजी छिन्नी-हातोडा गोळा करू लागला. त्याची लेक साळू मात्र पदर खोचून पुढे झाली. "महाराज, ओळंबा घेऊन डोंगरापलीकडे जाऊ द्या आम्हाला. जोशीकाकाही हवेत बरं का!"

"जा! काय दिवे लावायचेत ते लावा!"

जोशीबुवा परतले ते डोकं खाजवतच. "महाराज, तिकडेही केसभराचाच फरक. पण उलट्या दिशेला!"

"म्हणजे ओळंबाच खोटा!"

"खोटा असता तर दोन्हीकडे एकाच दिशेला चुकला असता की!" साळू म्हणाली. "हा इकडूनही डोंगराकडे जातो, तिकडूनही डोंगराकडेच. एवढं मोठं धूड शेजारी बसलंय, तेच ओढतंय त्याला! खालचं वजन डोंगराकडे सरकलं, म्हणून त्या दोरीवर बांधलेल्या दीपमाळेचा शेंडा बाहेर गेला!"

"डोंगर ओढतो? काहीतरीच! मला कुठे ओढतो?" राजे पोट धरून हसले. "आणि ओढेना का! माझी अट कायम!"

"मग दीपमाळ माथ्यावर बांधू. तिथे डोंगर चहूबाजूंनी सारखा. ओळंबा जाईल कुणीकडे?"

राजांचं तोंड एवढंसं झालं. पायथ्याची जागा त्यांनीच निवडली होती, चढायला नको म्हणून! पण अट त्यांचीच. मान हलवून त्यांनी होकार दिला.

सगळा गाव राबला. माथ्यावर दीपमाळ उभी राहिली. ओळंबा सरळ म्हणाला, ताराही सरळ म्हणाला. धोंडाजीचा जीव भांड्यात पडला.

आता राहिला रिवाज. त्रिपुरी पौर्णिमेची पहिली पणती राजांनीच लावायची, तीही पायी जाऊन! भुजंगराव निम्म्या चढावरच धापा टाकत एका दगडावर बसले.

वरून साळूने हाक दिली, "महाराज, डोंगर ओढतो का हो?"

"ओढतो गं बाई, ओढतो! चांगला खाली ओढतो!" राजे खदाखदा हसले. हसता हसता गळ्यातला कंठा काढून त्यांनी वर धरला. "हा कंठा तुझा, आणि तुझ्या बापाला गाव इनाम! पण आधी खाली ये आणि मला वर ओढ!"