टिटवीचा लांबलचक मंत्र

जंगलात नुकतीच मोबाईलची रेंज आली होती, तेव्हाची ही गोष्ट. ऑनलाइन झुंजीत टिटवी जादूगार व्हायची आणि तिचा दोस्त खवल्या मांजर ढाल धरून तिच्यापुढे उभा राहायचा.

अंतिम सामन्यात समोर कोल्ह्यांची जोडी आली. टिटवीने आगीचा लांबलचक मंत्र सुरू केला.

"टिटवे, आधी जखमा भरायचा मंत्र म्हण गं! मरतोय मी!" खवल्या ओरडला.

"थांब रे, अर्ध्यावर सोडला तर हा वाया जाईल!"

खवल्या पडला. मग आग बरसली आणि कोल्हे राख झाले.

"जिंकलो!" टिटवी किंचाळली.

"तू जिंकलीस," खवल्या म्हणाला आणि खेळातून निघून गेला, तो कायमचाच.

आता प्रत्येक झुंजीत टिटवी आधी जखमा भरायचा मंत्र म्हणते. पुढे ढाल धरून कुणीतरी अनोळखी उभा असतो. तिला "टिटवे" म्हणून कुणी हाक मारत नाही.