गुऱ्हाळावरचे पाच इंग्रजी शब्द

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात रायाजीराव नावाचे एक धनी राहत होते. नदीकाठी त्यांचा ऊस होता आणि उसाच्या कडेला गुऱ्हाळ. माणूस मनाने वाईट नव्हता. पण कुणी बसलेले दिसले की त्यांचे डोके फिरायचे. झाडाखाली रवंथ करणारी म्हैस पाहूनही ते म्हणत, "हिला काही काम न्हाई का?" स्वतः ते दिवसभर गुऱ्हाळाभोवती येरझाऱ्या घालत आणि त्यालाच काम समजत.

गुऱ्हाळ ही मुळातच पेंगुळलेली जागा. थंडीतले कोवळे ऊन, चरकाभोवती गोल गोल फिरणारे बैल, रसाची बारीक धार आणि रस आटवायच्या मोठ्या कढईतून, म्हणजे काहिलीतून, उठणारी गोड वाफ. त्या वाफेत माणसे अर्धी दिसतात, अर्धी दिसत नाहीत. तिथे घटकाभर थांबले की आपण जागे आहोत की स्वप्नात, तेच कळेनासे होते. मला अशी जागा फार आवडते. धन्यांना मात्र तिथला तो संथपणा सोसत नसे.

एकदा तालुक्याला गेले असताना त्यांना इंग्रजी शाळेचे मास्तर भेटले. धन्यांनी विचारले, "मास्तर, इंग्रज एवढा पुढं गेला, त्याच्याकडं आळसाच्या उलट शब्द किती असतील?"

मास्तर हसले आणि त्यांनी कागदावर पाच शब्द लिहून दिले. इंडस्ट्री म्हणजे उद्योग. एनर्जी म्हणजे जोम. एफर्ट म्हणजे खटपट. अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे हालचाल. आणि डिलिजन्स म्हणजे मन लावून काम करणे.

धन्यांना केवढा आनंद झाला! त्यांनी पाच पाट्या रंगवून घेतल्या आणि प्रत्येक गड्याला एकेक शब्द वाटून दिला. काम करताना ज्याने त्याने आपला शब्द मोठ्याने म्हणत राहायचे, असा हुकूम सुटला. चरकात ऊस घालणारा "इंडस्ट्री" म्हणू लागला. काहिलीखालच्या चुलाणात उसाची वाळलेली चिपाडे सारणारा "एनर्जी" म्हणू लागला. मोळ्या वाहणाऱ्याच्या वाट्याला "एफर्ट" आला आणि बैल हाकणाऱ्याच्या वाट्याला "अ‍ॅक्टिव्हिटी". डिलिजन्स काही कुणाच्या जिभेवर बसेना. तेव्हा ती पाटी धन्यांनी बैलाच्या गळ्यात बांधून टाकली. बैलाने काही तक्रार केली नाही.

राहिला एक सुबानाना. हा गुऱ्हाळावरचा गुळव्या. रस आटून त्याचा गूळ केव्हा होतो, हे ओळखणारा माणूस. पन्नास वर्षे तो काहिलीच्या कडेला एका दगडावर बसत आला होता. डोळे अर्धवट मिटलेले, हात गुडघ्यावर. मधूनच झाऱ्याने मळी काढायचा, मधूनच "जाळ कमी" एवढेच म्हणायचा आणि पुन्हा बसायचा. त्याला घरी शेत नव्हते, दुसरी कसली कला नव्हती. तो दगड आणि ती काहील, एवढाच त्याचा संसार होता.

धनी त्याच्यासमोर उभे राहिले. "सुबा, सगळी राबत्यात आन् तू डुलक्या काढतोस?"

"डुलकी न्हाई धनी. बघतोय."

"बघायला काय लागतंय? मी बी बघतोय. ऊठ, चिपाडं वाहा. आजपास्नं ह्या दगडावर बसलेला दिसलास तर उद्या यायचं न्हाई."

 या वयात सुबानानाला दुसरीकडे कोण उभे करणार? तो उठला. डोक्यावर चिपाडांचा भारा घेऊन वाळवणापासून चुलाणापर्यंत खेपा घालू लागला. गुऱ्हाळावर शब्दांचा नुसता गजर चालला होता. धनी मध्ये उभे राहून खुशीत मान डोलवत होते. बसलेले कुणीच दिसत नव्हते.

काहिलीकडे मात्र कुणाचे लक्ष नव्हते. रस उकळला, घट्ट झाला, पिवळा झाला, तांबूस झाला. त्या क्षणी चुलाणातला जाळ बाहेर ओढायला हवा होता, पण सांगणारा डोक्यावर भारा घेऊन दूर वाळवणात होता. करपट वास सुटला तेव्हा सगळे धावले. काहील उतरवली, पण गूळ काळाकुट्ट आणि कडू झाला होता. म्हशीनेही तोंड लावले नसते.

धनी गड्यांवर ओरडले, चुलाणावर ओरडले, ऊसच वाईट म्हणाले. स्वतःला सोडून सगळ्यांना बोलून झाले. मग म्हणाले, "दुसरी काहील चढवा. आन् आवाज वाढवा!"

दुपार कलली. दुसऱ्या काहिलीतला रस उकळू लागला. सुबानाना भारा घेऊन तिच्याजवळून गेला आणि थांबला. बुडबुड्यांचा आवाज बदलू लागला होता. पुढे गेला तर उद्या काम राहील, पण ही काहीलही जाईल. थांबला तर काहील वाचेल, पण मग आपले काय? क्षणभर त्याला स्वतःचीच फार कीव आली.

मग त्याने भारा खाली टाकला. हात धुतले आणि दगडावर जाऊन बसला.

"सुबा!" धनी गरजले.

"जातो धनी, घरला जातो. पर ही काहील उतरवून जातो."

त्याने डोळे अर्धवट मिटले. चुलाणापाशी "एनर्जी" म्हणणारा आपोआप गप्प झाला. मग ऊस घालणारा. मग बाकीचे. बैलांच्या पावलांचा आणि रसाच्या उकळीचा तेवढा आवाज उरला. वाफ वर चढत होती आणि तिच्यातून ऊन झिरपत होते.

धनी तावातावाने जवळ गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी सुबानानाचे डोळे नीट पाहिले. त्या अर्धवट पापण्यांखाली बुबुळे एकेका बुडबुड्यामागे फिरत होती. कान टवकारलेले होते, नाकपुड्या हलत होत्या. धनी दिवसभर हिंडले होते, पण इतके काम त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते. ते त्यांना कळले आणि त्यांची मान खाली गेली.

ते हळूच बाजूच्या ओंडक्यावर बसले आणि कुजबुजले, "नाना, त्या पाच शब्दांतला तुमचा कंचा म्हणायचा?"

"गप ऱ्हावा धनी. गूळ यायला लागलाय."

आणि धनी गप्प राहिले. सुबानानाने बोटभर पाक थंड पाण्यात सोडला, त्याची गोळी वळून पाहिली. "जाळ ओढा. उतरवा!"

सगळ्यांनी मिळून काहील उचलून गूळ निवायच्या वाफ्यात ओतली. गूळ सोन्यासारखा पसरला. त्या वासाने बैलसुद्धा थबकले.

सुबानानाने घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि कुणाकडे न बघता वाट धरली. सगळे गडी धन्यांकडे पाहू लागले. सगळ्यांदेखत चूक कबूल करणे त्यांना सोपे नव्हते. तरी ते उठले, धावत पुढे गेले आणि वाटेत आडवे आले.

"नाना, चूक माझी. पहिली काहील मीच जाळली. उद्या किती वाजता चढवायची तेवढं सांगा."

सुबानानाने खांद्यावरची घोंगडी उतरवली. मग तो म्हणाला, "तुम्ही गप बसनार असला, तर झुंजूमुंजू व्हायच्या आत."

तात्पर्य: आळसाच्या उलट शब्द घोकून काम होत नाही आणि नुसत्या धावपळीनेही होत नाही. ज्याचे लक्ष कामात आहे तो बसलेला असला तरी रिकामा नसतो. त्याला उठवणाऱ्याचाच गूळ करपतो.