मुठीचं रान

आंबेसडा नावाचं कातळपठार चढून वर आलं की डाव्या हाताला काळ्या दगडांचा गडगा लागतो. माती नाही, चुना नाही. नुसते दगडावर दगड रचलेले, कंबरेएवढ्या उंचीचे. गडग्यात एकच वाट आहे, जेमतेम एक म्हैस जाईल एवढी. तिला फाटक नाही. एका खुंट्यापासून दुसऱ्या खुंट्यापर्यंत म्हशीचं एक दावं आडवं बांधलेलं असतं, बस्स. दाव्याच्या आत, अगदी वाटेच्या तोंडाशी, गवताचा एक जुना ठोंब आहे. सड्यावरची म्हैस कधी त्याला तोंड लावत नाही, माणूस विळा लावत नाही.

पाहुणे येतात, फोटो काढतात आणि विचारतात, या रानाला मुठीचं रान का म्हणतात? मग वाडीतला धाकू आजा गडग्यावर बूड टेकतो, कुणाचा बूट दाव्याच्या आत गेलेला नाही ना ते आधी बघून घेतो आणि सांगायला लागतो. "म्या बघितलेलं न्हाय. माझ्या आज्यानं सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं."

फार मागची गोष्ट, म्हणे. सड्यावर गवळी धनगरांची मोजकी घरं होती आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त होत्या. पावसाळ्यात सगळा सडा हिरवा, तेव्हा कुणाला काही कमी नसे. खरी परीक्षा चैत्र-वैशाखात. म्हणून वाडवडिलांनी गडगा घालून एक रान बाजूला काढलं होतं. पाऊस सुरू झाला की ते बंद. गवताला फुलोरा यावा, बी पिकून खाली पडावं, मगच उघडायचं. बी पडलं तर पुढच्या साली गवत, आणि उभं वाळलेलं गवत उन्हाळ्याला. एवढा साधा हिशेब. सगळ्यांना पाठ होता आणि सगळे तो मोडत होते.

गडग्याची राखण सगुणेकडे होती. आधी ती तिच्या नवऱ्याकडे होती. तो साप चावून गेला आणि दावं तिच्या हातात आलं. सगुणा गोड बोलणारी बाई नव्हती. तिचं तोंड म्हणजे चुलीतलं जळतं लाकूड, असं तिच्या जावा म्हणत. पण हे लाकूड पेटलं कसं, ते कुणी सांगत नसे.

रोज संध्याकाळी ती वाटेत दावं बांधी आणि रोज सकाळी रानात ताजं शेण पडलेलं असे. विचारायला जावं तर प्रत्येकाकडे उत्तर तयार. एक म्हणाला, "माझी वगार रातांधळी हाय, तिला दावं दिसत न्हाय." दुसरा म्हणाला, "म्हस आजारी व्हती, दोन घास औषधाला दिले." एकीने तर सगुणेलाच विचारलं, "तू राखणीला असताना शेण पडतंच कसं गं?" आणि हे सगळं झाल्यावर प्रत्येक जण एक वाक्य बोलल्याशिवाय राहत नसे: "एका दिसानं काय व्हतंय?"

एका दिवसाने काय होतं, ते सगुणेने पाहिलं होतं. तिच्याकडे चांदी नावाची म्हैस होती, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका असलेली. चांदी दरवेळी उशिरा, ऐन चैत्रात व्यायची. मागल्या दोन्ही वेतांत तिचं पारडू गेलं, कारण बंद रान आधीच एकेका दिवसाने खाऊन संपलं होतं. म्हशीच्या पोटात काही नाही तर कासेत कुठून येणार? पारडू मेलं की त्याच्या कातड्यात गवत भरून भोत करतात आणि आईपुढे उभं करतात. ती त्याला चाटते, पान्हवते. दुसऱ्या वेळी सगुणा कातडं घेऊन रानात गेली, तर भोत भरायला मूठभर गवत मिळालं नाही. तिने ते रिकामं कातडं तसंच चांदीपुढे टाकलं. म्हशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून सगुणेचं लाकूड पेटलं, म्हणे.

आता चांदी पुन्हा गाभण होती.

श्रावणात सगुणेने बैठक बोलावली. वाडीचा कारभारी गोंदजी, नात्याने तिचा दीर. सड्यावर सगळ्यात मोठं खिल्लार त्याचं. तो म्हणाला, "सगुणे, शेणाला कुणाचं नाव नसतं. कुणाला धरायचं?"

"शेणाला नसतं, भावजी. खुराला असतं," सगुणा म्हणाली. "तुमच्या मोडशिंगीचा डावा खूर फाकलाय. जाऊन बघा चिखलात, पार मधोमध उमटलाय."

माणसं खाली मान घालून हसली. गोंदजीही हसला. मग सगळ्यांनी वाघजाई देवीच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढे रानात खूर पडणार नाही. सगुणेला वाटलं, सुटलो एकदाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात कालच्यापेक्षा जास्त शेण होतं. शपथ घेतल्यावर प्रत्येकाला वाटलं होतं की आता बाकीचे जायचे नाहीत, आपण एकट्याने गेलं तर कळणार कुणाला?

त्या साली पाऊस थांबेना आणि भादव्यात उघडा सडा खुरांनी तुडवून चिखल झाला. म्हशींचं दूध घटलं. आणि एका सकाळी गोंदजी चोरून नाही, तर दिवसाढवळ्या सगळं खिल्लार घेऊन गडग्यापाशी आला. मागे वाडी होती. कुणी त्याला अडवत नव्हतं. त्याच्या मागून आपल्याही म्हशी घालता येतील म्हणून प्रत्येक जण आपापलं दावं सैल करून उभा होता.

सगुणा चांदीला चारून परतत होती. तिने हे पाहिलं. ओरडून काही उपयोग नाही, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. ओरडण्याची सवय असलेल्या माणसाकडे लोक ओरडण्याची सवय म्हणूनच बघतात. तिने चांदीच्या गळ्यातलं दावं सोडलं, स्वतःच्या गळ्यात घातलं आणि त्याचं दुसरं टोक वाटेच्या खुंट्याला बांधून आडवी बसली.

"वाघजाईची आण," ती म्हणाली. "ज्याला हे रान उघडायचं असंल, त्यानं आधी गळ्यात दावं घालावं आन् गुडघ्यावर येऊन म्हशीवाणी चरावं. तवर मी हितनं हलायची न्हाय."

"आगं, एका दिसानं काय व्हतंय?" गोंदजी म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावरून हात आत घातला आणि गवताचा एक झुपका मुठीत धरून उपटला. "ही बघ, एवढीशी मूठ. येवढ्यानं रान उठलं व्हय?"

भादव्यातली ओली जमीन, कोवळं गवत. झुपका सगळाच्या सगळा मुळासकट हातात आला, खाली माती लोंबत होती. जिथे तो होता तिथे जमिनीला भोक पडलं.

गोंदजीने झुपका टाकायला हात झटकला. मूठ उघडली नाही.

त्याने दुसऱ्या हाताने बोटं उचकटून पाहिली. उघडेनात. कोमट पाणी झालं, तेल झालं, भगताने अंगारा लावला, दोघांनी मिळून ओढलं तेव्हा गोंदजी बोंबलला, पण मूठ होती तशीच राहिली, मुळं आणि माती आत धरून. गुरांमागे आलेल्या माणसांनी आपापली दावी मुकाट्याने पुन्हा आवळली, असं सांगतात. देवीच्या भीतीने म्हणा, मुठीच्या भीतीने म्हणा.

संध्याकाळ झाली तशी खरी पंचाईत कळली. धार काढायची तर मूठ उघडावी लागते, मिटावी लागते, पुन्हा उघडावी लागते. गोंदजीच्या म्हशी त्याच्या एकट्याच्या हातच्या. दुसरा जवळ गेला की लाथ झाडीत. कासा दगडासारख्या टणक झाल्या. म्हशी हंबरू लागल्या. दुसऱ्या दिवशी मोडशिंगी कास ताठून खाली बसायलाही तयार होईना. आता कास नासणार, हे न सांगता सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा गोंदजीची बायको सगुणेसमोर येऊन उभी राहिली. तिने रिकामी चरवी पुढे ठेवली.

सगुणेने कपाळावर हात मारला. "आणा त्या म्हशींना हितं! मी काय येतेय व्हय, मी बांधलेली हाय!" म्हशी आल्या तशी ती त्यांना म्हणाली, "तुमचा काय दोष, बायांनो? तुमच्या नशिबी मालक तसला."

असं सांगतात, की त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ गोंदजीच्या म्हशी गडग्याच्या वाटेवर येत. सगुणा गळ्यातल्या दाव्यासह उकिडवी बसे, कासेवर पाणी मारी, आधी पारड्याला चोखू देई, म्हैस पान्हवली की धार काढी आणि एक सड पारड्यासाठी राखी. म्हशी तिच्या हाताखाली गप्प उभ्या राहत. गप्प नसे ती सगुणाच. धार चरवीत पडत असे आणि तिच्या तोंडून शिव्या पडत असत: कारभाऱ्याला, वाडीला, शपथा घेणाऱ्यांना, आणि स्वतःला. सांगून सांगून घसा बसला, कुणी ऐकलं नाही; आणि जे घडणार म्हणून सांगितलं ते घडल्यावर निस्तरायचं मात्र तिनेच. भरली चरवी ती गोंदजीच्या बायकोकडे सरकवी आणि दुसरीकडे बघे.

तिला भाकरी तिथेच येई. पाऊस आला की ती डोक्यावर इरलं घेई. रात्री चांदी आपणहून येऊन तिच्या पाठीशी बसे. आणि रानात खूर पडला नाही.

गवताला फुलोरा आला. मग ते तांबूस झालं. कार्तिकात वारा सुटला, बी झडलं. तेव्हा गोंदजी खाली मान घालून आला. मूठ त्याने फडक्यात गुंडाळून छातीशी धरली होती.

"सगुणे," तो म्हणाला, "उघडू का गं आता?"

"मला इचारू नगा. गवताला इचारा."

तिने स्वतःच्या गळ्यातलं दावं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. सगळी वाडी बघत होती. कारभारी गुडघ्यावर आला. दावं त्याच्या गळ्यात पडलं. मुठीवरचं फडकं सोडून, दोन्ही हात मागे घेऊन तो वाटेतून आत गेला, वाकला, गवताची काडी दातांत धरली आणि मान वर ओढली. टचकन आवाज झाला. काडी तुटली; मूळ जमिनीत घट्ट राहिलं.

आणि पाठीमागे त्याची मूठ उघडली.

मुठीतला झुपका वाटेच्या तोंडाशी, जिथून उपटला होता त्याच भोकात पडला. इतके दिवस मुठीत सुकलेला. पण पुढच्या पावसात त्याला कोंब फुटला. तोच हा ठोंब, असं म्हणतात.

चैत्रात चांदी व्याली. पारडी झाली, कपाळावर तसाच ठिपका. ती धडपडत उठली, कासेला लागली, आणि तोंडाच्या कडेने दुधाचा फेस खाली गळला. सगुणा किती तरी वेळ तो फेस बघत बसली. मग घरात गेली, आढ्याला टांगलेलं जुनं रिकामं कातडं काढलं आणि चुलीत घातलं. म्हणे, त्या दिवशी ती कुणालाही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली, कारण त्याच संध्याकाळी कुणीतरी विचारलं होतं, "औंदा चांगलं उरलंय, तर थोडं आधी उघडलं असतं तर?"

आजही कार्तिकात वाडीचा कारभारी, मग तो कुणीही असो, गळ्यात दावं घालून आणि हात मागे बांधून त्या वाटेतून गुडघ्यावर आत जातो आणि गवताला दात लावतो. काडी तुटली तर रान उघडतं. मूळ वर आलं तर तोंडातली माती थुंकून तो मागे फिरतो आणि त्याच्यामागे सगळ्या म्हशी फिरवतात. यंदा मूळ आलं. लोक चरफडत खाली गेले.

आणि आजही ते जुनं वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याला गुडघ्यावर जावं लागतं. मग तो कारभारी नसला तरी. परवा शहरातून आलेल्या एका पाहुण्याने गोष्ट सगळी ऐकली, मान डोलावली, मोबाइल काढला आणि दाव्यावरून एक पाय आत टाकत म्हणाला, "आजोबा, एक फोटो काढतो फक्त. एवढ्याने काय होतंय?"

धाकू आजाने खुंट्याचं दावं सोडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

पाहुण्याने पाय मागे घेतला. मोबाइल एका हातात होता; दुसऱ्या हाताची मूठ त्याने हळूच एकदा उघडून पाहिली.