आमदारांची पाटी

उभी हयात शाळेत चित्रकला शिकवून कुमुदबाई हिरवे नगराध्यक्षा झाल्या. बाजारपेठेतला नवा रस्ता आमदार जगदेवरावांच्या मेव्हण्याने बांधला होता आणि उद्घाटनाआधीच त्याला हौदाएवढा खड्डा पडला होता. तरीही आमदारांनी दम दिला, “बाई, पाटीवर फक्त माझं नाव पाहिजे. नाहीतर खुर्ची गेली म्हणून समजा!”

बाईंनी मान डोलावली.

समारंभात आमदारांनी ऐटीत पडदा ओढला, तर संगमरवरी पाटी नेमकी खड्ड्याच्या काठावर!

“ही काय जागा झाली?” आमदार कडाडले.

“शाळेतली सवय हो, साहेब. ज्याचं चित्र, त्याचंच खाली नाव.”

आठवड्याभरात खड्डा बुजला. लगेच आमदारांचा फोन आला, “आता तरी पाटी हलवा.”

“हलवते की,” बाई म्हणाल्या, “पुढचा खड्डा कुठं पडतोय, तेवढं कळू द्या.”